मौलाना मोहम्मद अली : बडोद्याची नोकरी ते ‘हमदर्द’

मौलाना मोहम्मद अली जौहर हे नाव उर्दू शाळेतल्या मुलांना खिलाफत चळवळीपुरतं माहीत असतं. ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात नोकरीला होते, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं चमकून बघतात.

जन्म १८७८, रामपूर. वडील लहानपणीच वारले. आई, म्हणजे बी अम्मा, यांनी मुलांना शिकवलं. अलिगढनंतर मोहम्मद अली ऑक्सफर्डला गेले, पण आयसीएसच्या परीक्षेत अपयश आलं. परतल्यावर आधी रामपूर आणि मग बडोदा. तिथे सुमारे सात वर्षे त्यांनी अफू खात्यासारख्या विभागांत काम केलं. नोकरीत असतानाच ते मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहू लागले होते.

पुढे ती भरवशाची नोकरी सोडून त्यांनी जानेवारी १९११मध्ये कलकत्त्याहून ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढलं. राजधानी दिल्लीला हलली, तसं ‘कॉम्रेड’ही तिकडे गेलं. १९१३मध्ये तिथूनच उर्दू ‘हमदर्द’ सुरू झालं. राज्यकर्त्यांशी आणि शिकलेल्यांशी इंग्रजीत बोलायचं, सामान्य माणसाशी उर्दूत, हा त्यामागचा साधा हिशेब.

१९१४मध्ये तुर्कस्तानवरच्या लेखामुळे ‘कॉम्रेड’चा जामीन जप्त झाला. १९१५पासून मोहम्मद अली आणि शौकत अली या भावांना स्थानबद्धता भोगावी लागली. त्यातला मोठा काळ त्या वेळच्या मध्य प्रांतातल्या छिंदवाड्यात गेला. १९१९च्या अखेरीस सुटका झाली आणि ते थेट अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला पोहोचले. १९२०मध्ये जामिया मिल्लियाच्या स्थापनेत पुढाकार, १९२१मध्ये कराचीचा खटला, १९२३मध्ये काकीनाडा काँग्रेसचं अध्यक्षपद.

नेहरू अहवालानंतर ते काँग्रेसपासून दुरावले. बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्याला त्यांनी केलेला विरोध मला आजही पटत नाही. आदर ठेवूनही हे म्हणता आलं पाहिजे. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफन बैतुल मुकद्दसला.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. आपलं म्हणणं ज्याच्यापर्यंत पोहोचवायचं, त्याच्या भाषेत लिहावं. महाराष्ट्रात माझा शेजारी मराठी वाचतो. आपल्याबद्दल मराठीत इतरांनीच लिहावं आणि आपण उर्दूत तक्रार करत बसावं, हे बरोबर नाही. उर्दू माझी आहेच, मराठीही माझीच आहे.