शंभर दिवसांची कुळकथा

नव्या राज्यकर्त्याच्या कारभाराचा पहिला हिशेब शंभर दिवसांनी मांडायचा, ही रीत आता जगभर रुळली आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असो, राज्याचा मुख्यमंत्री असो की जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, शंभर दिवस भरले की सत्ताधारी पक्ष झालेल्या कामांची पुस्तिका काढतो आणि विरोधी पक्ष न झालेल्या कामांची यादी वाचतो. हिशेब एकाच कारभाराचा असतो, पण दोन्ही बेरजा क्वचितच जुळतात. भारताच्या किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी मुदत कुठेही घातलेली नाही. ती पॅरिसमध्ये एका अर्थाने जन्मली, वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या अर्थाने वाढली आणि दिल्ली-मुंबईमार्गे धाराशिवच्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत तिसऱ्याच अर्थाने पोचली. हे दिवस कोणाचे आणि कधीपासून मोजायचे, याचे उत्तर दर मुक्कामी बदलत गेले. पक्षापक्षांतल्या आजच्या वादाचे मूळ तिथेच आहे.

मराठीला नव्या माणसाची पारख करण्याचे स्वतःचे माप पूर्वीपासून आहे: नव्याचे नऊ दिवस. संस्कृतात 'नव' म्हणजे नवे आणि 'नव' म्हणजेच नऊ. त्या नादातून म्हणीला ठसका आला आहे. सासरी आलेली सून, वर्षाच्या कराराने ठेवलेला सालगडी, बाजारातून आणलेली दुभती गाय यांच्याबद्दल पहिल्या नऊ दिवसांत जे वाटते ते खरे धरू नये, एवढेच ती सांगते. शंभर दिवसांची रीत मुदत संपताच निकाल मागते. ही म्हण मुदत संपेपर्यंत निकाल देऊ नका असे बजावते. मात्र म्हणीने धरलेला पाहणारा निःपक्ष आहे. नवलाईने त्याचे डोळे दिपतात आणि नऊ दिवसांनी निवळतात. राजकारणातल्या पाहणाऱ्याचे तसे नसते. त्याचा पक्ष जिंकला असेल तर नवलाई वर्षभर टिकते आणि हरला असेल तर पहिल्या दिवशीही नसते.

'शंभर दिवस' हा शब्दप्रयोग फ्रान्समधून आला. एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन 20 मार्च 1815 रोजी पॅरिसला पोचला. त्याच्या काही तास आधी राजा अठरावा लुई राजधानी सोडून गेला होता. 18 जून रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव झाला आणि 8 जुलै रोजी राजा परतला. त्याचे स्वागत करताना सीन विभागाचे प्रशासक शाब्रोल यांनी राजाच्या अनुपस्थितीचे शंभर दिवस असा उल्लेख केला. प्रत्यक्षात ते दिवस 110 भरतात. बोलण्याच्या ओघात शंभर झाले. म्हणजे मुळात हा शब्द नव्या कारभाराच्या कौतुकाचा नव्हताच. गादीवर नसलेल्या राजाच्या माणसाने, राजाच्या बाजूने केलेली ती मोजणी होती. त्याच दिवसांना नेपोलियनचे चाहते पुनरागमनाचे पर्व म्हणत आले. शब्दाच्या जन्मापासूनच त्याला दोन पक्ष चिकटलेले आहेत.

आजचा अर्थ त्याला मिळाला तो फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामुळे. 4 मार्च 1933 रोजी त्यांनी शपथ घेतली तेव्हा अमेरिकेतला साधारण दर चौथा कामकरी बेकार होता आणि बँका धडाधड बंद पडत होत्या. दोनच दिवसांत त्यांनी देशभरातल्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली आणि काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, विशेष अधिवेशन बोलावले. ते 9 मार्चला सुरू झाले आणि 16 जूनला संपले. दोन्ही टोके धरून बरोबर 100 दिवस. बँकांविषयीचा आणीबाणीचा कायदा पहिल्याच दिवशी मंजूर झाला. पाठोपाठ शेतमालाच्या दराचा, बेकार तरुणांना जंगलकामावर घेण्याचा, टेनेसी खोऱ्याच्या विकासाचा आणि उद्योगांच्या पुनरुज्जीवनाचा, असे सुमारे 15 मोठे कायदे झाले. 24 जुलै रोजीच्या रेडिओ भाषणात रूझवेल्ट यांनी या शंभर दिवसांचा उल्लेख केला तो अधिवेशनाच्या संदर्भात. ते दिवस काँग्रेसचे होते. शपथेपासूनचे नव्हते आणि एकट्या अध्यक्षाचेही नव्हते. दोन्ही सभागृहांत स्वपक्षाचे भक्कम बहुमत होते आणि संकट एवढे मोठे होते की विरोधकांपैकीही अनेकांनी मते दिली. पुढच्या अध्यक्षांच्या गळ्यात मात्र ही मोजपट्टी बहुमत आणि संकट या दोन्ही गोष्टी वगळून अडकवली गेली.

त्या शंभर दिवसांचे पुढे काय झाले, हेही मोजपट्टीसोबत सांगायला हवे होते. उद्योग पुनरुज्जीवनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे 1935 मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि शेतमालाच्या कायद्याची तीच गत जानेवारी 1936 मध्ये झाली. टेनेसी खोऱ्याचे प्राधिकरण आणि बँकेतल्या ठेवींचा विमा हे आजही चालू आहेत. 16 जून 1933 रोजी निकाल लावायला बसलेल्या कोणालाही, तो कितीही प्रामाणिक असला तरी, यातले टिकणारे कोणते आणि पडणारे कोणते हे सांगता आले नसते.

जॉन केनेडी यांनी धोका आधीच ओळखला होता. जानेवारी 1961 मधल्या शपथविधीच्या भाषणात, हातात घेतलेले काम पहिल्या शंभर दिवसांत पुरे होणार नाही, असे त्यांनी स्वतःच सांगून टाकले. तीन महिन्यांतच क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवलेली मोहीम पुरती फसली. केनेडी यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांना पसंती देणाऱ्यांचे प्रमाण वाढून 83 टक्क्यांवर गेले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा आकडा त्यांच्या सर्वांत मोठ्या अपयशानंतरचा आहे. अशा आकड्यातून लोकांचा धीर आणि एकी मोजली जाते. कारभार मोजला जात नाही.

गॅलपच्या नोंदींतून पक्षीय दरीही दिसते. अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाचे समर्थक आणि विरोधी पक्षाचे समर्थक यांच्या पसंतीतला फरक आयझेनहॉवर यांच्या काळात सरासरी 40 अंकांच्या आसपास होता. ओबामा यांच्या काळात तो 70 च्या घरात गेला आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत 80 च्या जवळ पोचला. मतदाराने कारभार पाहून मत बनवायचे आणि त्यानंतर पक्ष निवडायचा, हा क्रम उलटला आहे. 2016 च्या निवडणुकीनंतर काही आठवड्यांत रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था एकदम सुधारलेली वाटू लागली. नवा अध्यक्ष तोवर खुर्चीवर बसलाही नव्हता.

भारतात ही रीत सरकारी भाषेत ठळकपणे आली ती 2009 मध्ये. 4 जून 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी संसदेसमोर केलेल्या अभिभाषणात नव्या सरकारच्या शंभर दिवसांच्या कामांची यादी होती. तिच्यात महिला आरक्षण विधेयक होते. ते राज्यसभेत 9 मार्च 2010 रोजी मंजूर झाले, पुढे अडकले आणि त्या आरक्षणाची घटनादुरुस्ती व्हायला सप्टेंबर 2023 उजाडले. पंचायतींत महिलांना निम्म्या जागा देण्याचाही त्या यादीत समावेश होता. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्वतःचा कायदा करून ते साधले.

महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये शंभर दिवस थेट कचेऱ्यांत नेले. देवेंद्र फडणवीस यांनी 5 डिसेंबर 2024 रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती. कार्यक्रमाचे दिवस मात्र 7 जानेवारी ते 16 एप्रिल 2025 असे धरले. शपथेपासून मोजले तर शंभरावा दिवस 14 मार्चला येतो, कार्यक्रमापासून मोजले तर 16 एप्रिलला. दोन्ही मोजण्या गणिताने बरोबर आहेत. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर मंत्रालयापासून तालुक्यापर्यंतची कार्यालये तपासली गेली. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे दिले होते आणि निकाल 1 मे रोजी लागला. विभागांनी ठरवलेल्या 902 मुद्द्यांपैकी 706 पूर्ण झाले आणि 196 राहिले. सत्ताधारी बाकावरून 706 दिसतात, विरोधी बाकावरून 196. तरीही या प्रयोगाचे एक मोल मानावे लागेल: कामे आधी लिहून ठेवली होती आणि तपासणी त्रयस्थाकडे होती.

सुरुवातीची कामगिरी नेमकी कोणाची, या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण धाराशिव जिल्ह्याच्या नावातच आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद हे नाव पडले होते. धाराशिव हे जुने नाव परत आणण्याची मागणी दीर्घकाळ होत होती. 29 जून 2022 रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. 30 जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितल्यानंतर अशा बैठकीत घेतलेला निर्णय ग्राह्य नाही, अशी भूमिका नव्या सरकारने घेतली आणि 16 जुलै रोजी, म्हणजे आपल्या सतराव्या दिवशी, तोच निर्णय पुन्हा घेतला. संभाजीनगरच्या आधी 'छत्रपती' हा शब्द जोडला गेला. धाराशिव हे नाव आहे तसेच राहिले.

हे काम जुन्या सरकारच्या अखेरच्या दिवसाचे की नव्याच्या सतराव्या दिवसाचे? एका बाजूने पहिला ठराव दाखवावा, दुसरीने टिकलेला ठराव. केंद्राची मंजुरी 24 फेब्रुवारी 2023 रोजी मिळाली तेव्हा शिंदे सरकारचा 240 वा दिवस होता. मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर वैध ठरवले ते 8 मे 2024 रोजी. शंभराव्या दिवशी कोणी ताळेबंद मांडला असता तर त्यात हे काम अर्धवट दिसले असते आणि तरीही दोन्ही पक्षांच्या जमेच्या बाजूला लिहिले गेले असते. श्रेय एकाच दिवशी जन्मत नाही, हे जिल्ह्याच्या वेशीवरच्या पाटीवर लिहिलेले आहे.

जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची पारख याहून अवघड आहे, कारण तिथे काम फाइलीच्या चालीने चालते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याच्या विकासयंत्रणेच्या शिरोभागी जिल्हाधिकारी न ठेवता निवडून आलेला अध्यक्ष असावा, हा समितीचा आग्रह होता. त्या अध्यक्षाची मुदत आता अडीच वर्षांची आहे. तो खुर्चीवर येतो तेव्हा मागच्या वर्षांत मंजूर झालेल्या, पण बिले न निघालेल्या कामांचे दायित्व त्याच्यापुढे असते आणि निधीवर पहिला हक्क त्या दायित्वाचा असतो. नवे काम काढायचे तर प्राक्कलन, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या पायऱ्या चुकत नाहीत. एखादी आचारसंहिता मध्ये आली की सगळे जागीच थांबते. त्यामुळे पहिल्या शंभर दिवसांत गावात जो रस्ता होताना दिसतो तो बहुधा आधीच्या अध्यक्षाचा असतो, आणि नव्याचा रस्ता दिसतो तेव्हा शंभर दिवसांचा वाद विसरला गेलेला असतो. नारळ कोणी फोडला यावरून भांडणारे दोघेही मंजुरीची तारीख पाहत नाहीत, हे वाईट आहे. ती तारीख फाइलीत स्वच्छ लिहिलेली असते.

शिवाय धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याच्या कामाला दिवसांचे माप लागूच पडत नाही. परंडा, भूम, कळंबकडे बांध घातला, नाला खोल केला, तर त्याची परीक्षा पावसाळा घेतो. मार्चमध्ये आलेल्या अध्यक्षाचे शंभर दिवस टंचाई आराखड्यात आणि टँकरच्या खेपा मोजण्यात जातात. टँकर वाढले तर तो अपयशी ठरतो. जूनमध्ये पाऊस चांगला झाला तर टँकर बंद होतात आणि तोच यशस्वी ठरतो. दोन्हींत त्याचा वाटा थोडा असतो.

आधीची पातळी नोंदवून तिथून बदल मोजण्याची पद्धतही याच जिल्ह्याने अनुभवली आहे. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेले 'आकांक्षित' जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद हे चार होते. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य आणि मूलभूत सुविधा या पाच क्षेत्रांतले 49 निर्देशक ठरवले गेले. जिल्हा किती पुढारलेला आहे यापेक्षा तो आपल्याच आधीच्या आकड्यापासून किती हलला, यावर त्याचा क्रम लागतो. सुरुवातीचा आकडा आधीच नोंदलेला असल्यामुळे मागच्यांनी काय ठेवले आणि पुढच्यांनी काय वाढवले, हे वेगळे काढता येते. शंभर दिवसांच्या रितीत नेमका हाच आकडा गहाळ असतो.

पारख कधी करायची, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर गावाच्या पातळीवरच्या कायद्याने दिले आहे. ग्रामपंचायत अधिनियमातल्या आधीच्या तरतुदीनुसार सरपंचावर निवडीपासून सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नसे. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली तेव्हा हे कवच दोन वर्षांचे झाले. मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांतही ठराव आणता येत नाही. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला तरी तेवढ्याने सरपंच जात नाही. विशेष ग्रामसभेत गावकऱ्यांनी गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यावी लागते. 2020 मध्ये थेट निवड रद्द झाली आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर परत आली.

जिल्हा परिषदेत मात्र मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका लांबत गेल्या आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोवर तीन वर्षे उलटून गेली होती, आणि त्या काळात ज्याच्या शंभर दिवसांवरून भांडावे असा अध्यक्षच धाराशिव जिल्हा परिषदेला नव्हता.