बायकांच्या रक्तस्रावाची उशिरा घेतलेली दखल

मुलाचा घोळणा फुटला की उष्णता झाली म्हणून आपण त्याच्या टाळूवर गार पाणी थापतो. मुलीच्या अंगावरून फार जातं म्हटलं, तर ‘आमच्या घरात सगळ्यांचं असंच’ हे उत्तर तयार असतं. खरं तर या उत्तरातच एका आजाराची खूण आहे. वैद्यकाला ती ओळखू यायला १९२६ साल उजाडलं.

त्याआधी रक्त न थांबणं म्हणजे हिमोफिलिया आणि हिमोफिलिया म्हणजे मुलग्यांचा आजार, असं समीकरण होतं. काही घराण्यांत हा आजार पुरुषांना होतो आणि बायका तो पुढच्या पिढीला देतात, हे फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो यांनी १८०३ मध्येच लिहून ठेवलं होतं. निरीक्षण अचूक होतं, पण त्यामुळे बायकांनाही असा त्रास असेल, याकडे सहसा कुणाचं लक्ष गेलं नाही.

१९२४ मध्ये हेलसिंकीत डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी आली. तिसऱ्या वर्षी तिचा ओठ फाटला, तेव्हा तीन दिवस रक्त वाहत होतं. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. डॉक्टरांनी घराण्याची वंशावळ मांडली. ६६ पैकी २३ जणांना त्रास होता आणि त्यांत बायका भरपूर होत्या. त्या काळची तपासणी साधी होती. कानाच्या पाळीला टोचायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद लावायचा, डाग उमटेनासा होईपर्यंत. या लोकांच्या प्लेटलेट पुरेशा होत्या, नळीत घेतलेलं रक्तही वेळेत गोठत होतं, पण कागदावरचे डाग काही संपत नव्हते. हा हिमोफिलिया नव्हे, असं त्यांनी १९२६ च्या लेखात मांडलं. ती मुलगी मात्र पुढे चौथ्या पाळीतच रक्तस्रावाने गेली.

दोष प्लेटलेटच्या कामात आणि रक्तवाहिन्यांत असावा, असा त्यांचा तर्क होता. उत्तर १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लोम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलं. निरोगी रक्तद्रवातला एक अंश दिला की रक्तस्राव आटोक्यात येई. विशेष म्हणजे, हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातून काढलेला तसाच अंशही लागू पडला. म्हणजे उणीव वेगळ्याच प्रथिनाची होती. हे प्रथिन जखमेच्या जागी प्लेटलेटना डिंकासारखं धरून ठेवतं आणि गोठण्याला लागणारा आठवा घटक रक्तात टिकवतं. त्याचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणून मुलगा-मुलगी असा भेद इथे नाही. त्रास मात्र बायकांना जास्त जाणवतो, कारण पाळी आणि बाळंतपण त्यांच्याच वाट्याला येतं.

आज ‘फॉन विलेब्रांड’ हा सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक रक्तस्रावविकार मानला जातो. तरीही रक्तक्षय झाला की लोहाच्या गोळ्या देऊन प्रकरण मिटवलं जातं, हे मला अक्षम्य वाटतं. प्लेटलेटची मोजणी आणि गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या यात ठीक येऊ शकतात, त्यामुळे त्या प्रथिनाची वेगळी तपासणी लागते. मुंबईत केईएमच्या आवारातली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ याच क्षेत्रात काम करते.

पाळी सात दिवसांवर लांबत असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल, विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर डॉक्टरांना हे सगळं एकत्र सांगा. आई, मावशी, आजी यांचंही सांगा. आणि तपासणी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.