‘ठग’ : एका कायदेशीर संज्ञेचा अर्थ

मराठीत ‘ठक’ म्हणजे लबाड, फसविणारा. ‘ठकास महाठक’ ह्या म्हणीत रक्तपाताची छायाही नाही. ‘ठग’ ह्या हिंदुस्थानी रूपाने मात्र हा शब्द कंपनी सरकारच्या दप्तरात शिरला तो वाटसरूंशी सलगी करून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांचे नाव म्हणून.

१८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने, ठगांच्या टोळीत असल्याचे ज्याच्यावर सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीची जन्मकैद ठरविली. मग ते टोळीत असणे कायद्यापूर्वीचे असो वा नंतरचे, कंपनीच्या मुलखातील असो वा बाहेरचे. ठग कोणास म्हणावे, हे मात्र त्यात सांगितलेले नाही. हे मौन अनवधानाचे होते असे मला वाटत नाही. प्रेते वाटेत पुरलेली, मृतांचे आप्त दूरदेशी. अशा स्थितीत स्लीमनची मुख्य भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. कोणता खून कोणाच्या हातून झाला हे असा साक्षीदार दर वेळी सांगू शकेलच असे नाही. ‘हा आमच्यातला’ एवढे मात्र सांगू शके. गुन्हा बेतला गेला तो ह्या साक्षीच्या मापाने.

व्याख्या आली ती १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३१० मध्ये. खुनासह जबरी चोरी किंवा मुले पळविणे ह्या हेतूने, संहिता संमत झाल्यानंतर, इतरांशी सराईतपणे संबंध ठेवणारा तो ठग. म्हणजे पूर्वलक्षी प्रभाव गेला. संगतीची सवय हाच गुन्हा, हे राहिले. देवीची उपासना, रुमाल, स्लीमनने ‘रामासियाना’ ह्या ग्रंथात (१८३६) नोंदविलेली सांकेतिक बोली, ह्यांतले काहीच व्याख्येत नाही. ठगी हा पंथ होता की नाही ह्यावर पुढे इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली. कायद्याला त्या प्रश्नाची गरज भासली नव्हती.

१ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘ठग’ नाही. ३१० हा क्रमांक तेथे दरोड्याला मिळाला आहे. संघटित गुन्ह्याचे कलम १११ आहे आणि त्याचा साचा महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमाशी, म्हणजे ‘मोक्का’शी, जुळतो. दोन्हींकडे मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक दोषारोपपत्रे, ज्यांची न्यायालयाने दखल घेतली आहे अशी, लागतात. दोषसिद्धी लागत नाही. माफीच्या साक्षीदाराची जागा येथे पोलिसी दप्तराने घेतली आहे. आणि टोळीचा केवळ सदस्य असणाऱ्यास किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप, अशी स्वतंत्र शिक्षा दोन्ही कायद्यांत आहेच.