सिरॅमिक ब्रेक पॅड : रोजच्या गाडीला हवेत की नकोत?

बेळगाव : गाडी सर्व्हिसिंगला टाकली की हल्ली गॅरेजमधून फोन येतो, "पुढचे पॅड संपलेत, साधे टाकू की सिरॅमिक?" बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात, किती पैसे आणि किती टिकतील. गाडी चालते कुठल्या रस्त्यावर, हा तिसरा प्रश्न राहून जातो. बेळगाव-निपाणी भागात तोच आधी विचारायला हवा. गोगटे सर्कल ते खडेबाजार एवढाच फेरा मारणारी गाडी आणि पाच माणसं, डिकीभर सामान घेऊन चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणारी गाडी, या दोघींची ब्रेकची गरज एक नाही.

आधी नावाचा घोळ. महागड्या स्पोर्ट्स कारला कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क असतात, त्या वेगळ्या. इथे डिस्क आपली नेहमीचीच, बिडाची. बदलतो तो फक्त पॅडवरचा घर्षणाचा थर. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, म्हणजे पोलादी तंतू, लोखंडाचा चुरा वगैरे. सिरॅमिकमध्ये पोलादाऐवजी सिरॅमिक तंतू, भराव आणि राळ असते, काहींत थोडं तांबंही असतं. याशिवाय धातू फारसा नसलेले ऑरगॅनिक पॅड असतात. कित्येक छोट्या गाड्यांना कंपनीतूनच ते बसवलेले येतात, त्यामुळे "साधे" म्हणजे नेमके कुठले, हेही दुकानदाराला विचारून घ्यावे.

सिरॅमिकचा खरा फायदा काय? आवाज कमी, पेडलला एकसारखा स्पर्श, आणि चाकावर काळी पूड बसत नाही. धूळ पडते, पण फिक्या रंगाची आणि चाकाला कमी चिकटणारी. डिस्कही तुलनेने कमी झिजते. मात्र गाडी कमी अंतरात थांबते, असं जे काउंटरवर सांगितलं जातं ते सरसकट खरं नाही. ते पॅडच्या मिश्रणावर, टायरवर आणि रस्त्यावर ठरतं. ज्यादा पैसे जातात ते मुख्यतः शांतता आणि स्वच्छतेसाठी.

घाटात हिशेब बदलतो. निपाणीजवळचा तवंदी घाट रोज जाणाऱ्यांना नवा नाही. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी सोडली की डिस्क तापत जाते. सेमी-मेटॅलिकमधला धातू उष्णता लवकर वाहून नेतो. सिरॅमिक ती तितकी ओढून घेत नाही, त्यामुळे सतत दाबलेल्या ब्रेकवर डिस्क जास्त तापलेली राहू शकते. पॅड फार तापला की पकड ढिली पडते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. चांगल्या कंपनीचा सिरॅमिक पॅड एकट्या-दुकट्याने घाट उतरायला कमी पडणार नाही. पण नेहमी भरलेली गाडी, मागे ट्रॉली किंवा टॅक्सीचा धंदा असेल तर चांगला सेमी-मेटॅलिक किंवा कंपनीचा मूळ पॅडच बरा. आणि पॅड कुठलाही असो, उताराला खालचा गिअर टाकणं चुकत नाही.

पॅडवर हजारो रुपये घालणारे ब्रेक ऑइल मात्र विसरतात. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावरची अट फक्त १५५ अंशांची आहे. तेलाला उकळी फुटली की पेडल थेट खाली जातं, तिथे सिरॅमिक असो की सोनं, उपयोग शून्य. खानापूर, चंदगडकडच्या पावसात फिरणाऱ्यांनी दोन वर्षांनी तेल बदललेलं बरं. कॅलिपरच्या पिनाही बघून घ्याव्यात. ऊस हंगामात रस्त्यावर सांडलेला चिखल आणि पावसाळ्यातला गंज यांनी पिना जाम होतात, मग एकच पॅड झिजतो आणि दोष मात्र पॅडच्या नावावर जातो.

पैशाचा हिशेब असा मांडून बघा. समजा साधा सेट २,००० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा, सिरॅमिक ३,६०० रुपयांचा आणि ४५,००० किलोमीटर चालणारा. मजुरी दोन्हीकडे ४०० रुपये. साध्याला किलोमीटरमागे ८ पैसे, सिरॅमिकला सुमारे ९ पैसे. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याला फरक शंभर-सव्वाशे रुपयांचा. पण सिरॅमिक दीडपट टिकला नाही तर हे गणित बिघडतं, आणि ते चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून आहे. आपल्या दुकानातले आकडे घालून हेच गणित पुन्हा करावे.

डिझेल भरायला कोगनोळीची हद्द ओलांडण्यात अर्थ असेल, पॅडसाठी नाही. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर दोन्ही राज्यांत १८ टक्केच जीएसटी आहे. स्वस्तात मिळाले म्हणून बिलाशिवाय आणलेला पॅड नकली निघाला तर दाद मागायला कागदच राहत नाही. पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर बघा. युरोपच्या आर ९० नियमाखाली मंजूर पॅडवर गोलातला ई आणि क्रमांक असतो. मूळ पॅडच्या कामगिरीशी १५ टक्क्यांच्या आत जुळणं ही त्या नियमाची अट. काही पॅडवर ईई, एफएफ अशी इंग्रजी अक्षरजोडीही असते. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटवाल्यांनी तो पॅड सोडून द्यावा.

बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतो. तिथे लायनर बसतात, त्यामुळे "चारी चाकांना सिरॅमिक" असं कोणी सांगत असेल तर आधी मागची चाकं बघावीत. पुढचे पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. थर ३ मिलिमीटरवर आला की थांबू नये. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर साफ करून चालत नाही, नवीच घ्यावी लागते.

नवे पॅड टाकून त्याच संध्याकाळी गोव्याला निघू नये. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १५-२० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावावा, मध्ये थोडं अंतर नुसतं चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. पुढचे दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळावं. त्यानंतरही करकर आली तर गाडी परत फिटरकडे न्यावी आणि पॅडमागच्या क्लिपा बसवल्यात का, ते समोर उभं राहून बघावं.