कंपनीचा की बाजारातला? ऑइल फिल्टरचा शंभर वर्षांचा इतिहास (धागा)

मुठीत मावेल एवढा पत्र्याचा डबा. आत घड्या घातलेला कागद, एक-दोन झडपा, तोंडाशी रबराचे वॉशर. छोट्या मोटारीच्या मालकाला तो ठरावीक काळाने बदलावा लागतो आणि दर वेळी तोच प्रश्न पडतो : कंपनीचा महाग घ्यावा की बाजारातला स्वस्त? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या मुळाशी असलेल्या वादावर अमेरिकेत कायदा झाला आणि भारतात १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला.

आरंभीच्या मोटारींना हा प्रश्नच नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. तिच्या इंजिनात ऑइल फिल्टर तर नव्हताच, ऑइल पंपही नव्हता. फिरते फ्लायव्हील तेल उडवी आणि ते उडालेले तेल सगळीकडे पोहोचे. धूळ, काजळी, धातूचा कीस हे सारे त्याच तेलात फिरत राही. उपाय एकच : काही शे मैल झाले की तेल ओतून द्यायचे आणि नवे भरायचे.

१९२३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेल गाळण्याचे साधन सिद्ध केले. 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांची मोडतोड करून त्याला 'प्युरोलेटर' हे नाव दिले गेले. १९२४ साली वॉल्टर क्रायस्लर यांच्या नव्या मोटारीत ते बसले. ही गाडी मॉडेल टीच्या कितीतरी पट किमतीची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फिल्टरचा जन्म श्रीमंताच्या गाडीत झाला. शिवाय आरंभीच्या मांडणीत पंपाने उचललेल्या तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई. उरलेले न गाळताच बेअरिंगांकडे वळे. सगळे तेल गाळूनच पुढे सोडण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली.

मग स्वस्त गाड्यांचे काय? इथे युरोपातील अभियंत्यांची काटकसर पाहण्यासारखी आहे. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये कागदी फिल्टर नव्हता. इंजिनाच्या तळाशी केवळ तारेची जाळी होती. अडीच लिटर तेल ओतून द्यायचे, जाळी धुवायची, वॉशर बदलून पुन्हा बसवायची. १९५७ ची फियाट ५०० त्याहून चतुर. तिच्या क्रँकच्या पुढच्या पुलीतच एक पोकळ कप्पा होता. इंजिन फिरले की आतले तेल गरगरे आणि जड कचरा भिंतीला चिकटून राही. ताक घुसळताना लोणी वेगळे होते, तसा काहीसा प्रकार. अधूनमधून झाकण उघडून तो गाळ खरवडून काढायचा. यात फेकून देण्याजोगा भाग नव्हता आणि दर खेपेस विकत घेण्याजोगाही नव्हता.

अमेरिकेत तर १९५० च्या दशकात 'फ्रान्ट्झ' नावाचा एक जोडफिल्टर आला. त्यात गाळणी म्हणून चक्क स्वच्छतागृहातील कागदाची गुंडाळी बसवत. किराणा दुकानात मिळणारा सुटा भाग! हसू येते खरे. पण नेमक्या वस्तूसाठी एकाच विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागू नये, ही इच्छा त्यामागे स्पष्ट दिसते.

खरी कलाटणी मिळाली ती १९५४ साली. तोवर बहुतेक गाड्यांत इंजिनाला एक धातूचे भांडे असे आणि त्यात बदलता येणारी नळकांडी. बोल्ट सोडवा, भांडे धुवा, जुने वॉशर उकरून काढा, हात कोपरापर्यंत काळे करा. नॉर्थ कॅरोलायनातील विक्स कंपनीने भांडे आणि नळकांडी एकत्र करून आटे पाडलेला बंद डबा आणला. हाताने फिरवून काढायचा, हाताने फिरवून बसवायचा. आज बहुसंख्य लोक ऑइल फिल्टर म्हणून ओळखतात तो हाच.

या डब्याचे आर्थिक महत्त्व त्याच्या आट्यांत आहे. मोटार कोणत्याही कंपनीची असो. आटे, वॉशरचा व्यास आणि झडपेचा दाब जुळला की तिसऱ्याच कारखान्याचा डबा तिथे बसू शकतो. एकाधिकाराला पहिले भोक पडले ते असे. अर्थात त्यात धोकाही होता. अमेरिकी गाड्यांत ३/४ इंची आटे प्रचलित, तर जपानी गाड्यांत २० मिलिमीटरचे. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फरक इतका थोडा की इंची खुंटीवर मिलिमीटरचा डबा चढतोसा वाटतो, आणि तेलाचा दाब वाढला की निसटतो. क्षणार्धात इंजिन कोरडे.

स्वस्त डबे बाजारात आले तशी मोटार कंपन्यांनी वॉरंटीची भीती पुढे केली. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने अमेरिकेत तिला लगाम घातला. विशिष्ट ब्रँडचाच सुटा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही. घालायची असेल तर तो भाग फुकट द्यावा, किंवा दुसरा चालतच नाही हे सिद्ध करून सरकारी आयोगाची सूट मिळवावी.

भारतातील कथा निराळ्या वळणाने गेली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून मोटारी जोडायला सुरुवात केली होती. १९५३ च्या धोरणाने मात्र केवळ जोडणी करणाऱ्यांना दार बंद झाले; इथेच उत्पादन करणारे उरले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत राहिल्या. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच जुनी गाडी दशकानुदशके चालवली जाई आणि ती जगवण्याचे काम गल्लीतले मिस्त्री व दिल्लीच्या काश्मिरी गेटसारखे सुट्या भागांचे बाजार करीत. त्या काळच्या मध्यमवर्गाची मोटार खरी टिकवली ती याच लोकांनी.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीच्या त्या छोट्या इंजिनाने मोटार सामान्य घरात नेली. २०१४ पर्यंत देशात २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मारुतीमुळे गुडगावच्या आसपास पुरवठादार कारखान्यांचे जाळे विणले गेले. मोटार कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत, पुरवठादाराकडून घेतात. मग तोच पुरवठादार तो माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून थेट बाजारात का विकत नाही?

नेमका हाच प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगासमोर आला. २०११ साली एका ग्राहकाने तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार केली आणि चौकशीची व्याप्ती वाढत गेली. पुरवठादारांनी सुटे भाग परस्पर खुल्या बाजारात विकू नयेत अशी बंधने करारांतून घातल्याचे आढळले. बाहेरच्या गॅरेजना भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने मिळत नव्हती. कंपन्यांचा बचाव असा की नकली मालापासून ग्राहकाचे रक्षण करायचे आहे. बचाव अगदीच पोकळ नव्हता. नकली डब्यात कागदाचा जोड सुटतो, किंवा इंजिन बंद असताना तेल धरून ठेवणारी रबरी झडप पहिल्या थंडीतच कडक होते. वरून मात्र खोके हुबेहूब. पण नकली वस्तू वेगळी आणि दुसऱ्या प्रामाणिक कारखान्याची वस्तू वेगळी. कंपन्या हा भेद पुसून टाकत होत्या.

२५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने निकाल दिला. आपापल्या गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी वरचढ आहे आणि तिने त्या स्थानाचा गैरवापर केला आहे, असे ठरवून १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटींचा दंड झाला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेशही निघाले. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांपैकी तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे मूळ निष्कर्ष कायम ठेवले.