ड्रॉइंग बदललं, मग पार्ट नंबर बदलायचा का?

बेळगावच्या उद्यमबागेत काय किंवा वडोदऱ्यात काय, जॉब मशीनवर चढवण्याआधी ड्रॉइंगवरच्या दोन गोष्टी बघायच्या : पार्ट नंबर आणि रिव्हिजन. रिव्हिजन बहुधा ए, बी, सी अशी चढते. एएसएमईच्या मानकात आय आणि ओ ही अक्षरं वगळतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात.

नंबर कधी बदलायचा? जुना आणि नवा पार्ट एकमेकांच्या जागी बसून तेच काम करत असतील, तर नंबर तोच ठेवून फक्त रिव्हिजन वाढवायची. उदा. ड्रॉइंगवरची टीप दुरुस्त केली. पण बेअरिंगचा बोअर २५ चा ३० मिमी केला, तर नवा नंबर द्यायचा.

मग असेंब्लीचं काय? पंपाचा शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदलले, तरी पंप जुन्याच जागी बसून तेच काम करतो. म्हणून पंपाचा नंबर तोच. पार्ट लिस्ट बदलली, एवढ्यासाठी त्याची रिव्हिजन वाढते. लिस्टमध्ये मात्र नुसते पार्ट नंबर लिहावेत. रिव्हिजनही लिहिली, तर प्रत्येक बारीक बदलाला असेंब्लीचं ड्रॉइंगही बदलत बसावं लागतं.

आणि नवी प्रिंट आली की जुनी त्याच दिवशी मशीनवरून काढा. नाहीतर आख्खा लॉट रिजेक्ट होतो, आणि भुर्दंड आपल्यालाच बसतो.