नांगराची निशाणी

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. आमच्या बाजूला त्या दंग्याच्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ ऐकल्या. सांगणारा कोणीही असो, एक गोष्ट हमखास यायची : लोकांना माणसं मारायची नव्हती, कागद पाहिजे होते. कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. सापडले तिथं फाडले, जाळले.

कागदावर एवढा राग का, तर जमीन कागदानंच जात होती. सावकार फिर्याद लावी, कुणबी कोर्टात जातच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. गेला तरी बोलणार काय? कागदाखाली निशाणी त्याचीच असे. लिहिता येत नव्हतं म्हणून नाव दुसऱ्यानं घालायचं आणि शेजारी नांगर काढायचा, अशी ती सही. नांगर काढला की झालं कबूल.

दंग्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टानं नुसता शेवटचा आकडा बघायचा नाही, देण्याघेण्याचा मागचा हिशेब उघडायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. फेड हप्त्यानं करून द्यायची. कर्जापायी कुणब्याला कैद नाही. महादेव गोविंद रानडे हायकोर्टात जाण्याआधी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. सावकार मात्र कायद्यापेक्षा हुशार. गहाणाचा हिशेब उघडतो काय? मग गहाण लिहायचंच नाही, सरळ खरेदीखत करून घ्यायचं. ‘पैसे दिलेस की जमीन परत’ हा शब्द तोंडी. खरेदीला हिशेब कसला! तेव्हा कायद्यात कलम १०-अ घालावं लागलं. शेतकरी पक्षकार असेल तर कागदावर खरेदी असली तरी मूळ व्यवहार काय होता, हे कोर्टाला तपासता येऊ लागलं.

हे कलम आमच्या घरात आलं १९३५ साली. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९२६ मध्ये ४०० रुपयांपायी सात एकरांचं खरेदीखत करून दिलं होतं. त्याच दिवशी दुसरा कागद झाला : तीच जमीन आबांनीच कसायची आणि सालाला ४८ रुपये खंड द्यायचा. आठ वर्षं खंड दिला. मग मंदीत ज्वारीला भाव राहिला नाही, नववा खंड थकला, आणि सावकारानं कब्जाचा दावा लावला.

गावात सगळे म्हणाले, खरेदी दिलीस, आता कोर्टात जाऊन काय करणार? आबा तरी गेले. वकिलाला पहिले पैसे आजीच्या बुगड्या मोडून दिले. वकिलाचं देणं भागवायला पुन्हा सावकार गाठलेली घरंही मला माहीत आहेत.

आबा सांगायचे, वकीलसाहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मग विचारलं, “पाटील, हा ४८चा आकडा कुणी काढला?”

“त्यांनीच, साहेब.”

“चारशेवर दरमहा शेकडा एक रुपया धरला तर सालाचे ४८च होतात. हा खंड नाही, व्याज आहे.”

मग प्रश्नांची सरबत्ती. शेतसारा कोण भरतं? बांध कुणी घातला? शेजारचं रान त्या साली एकरी काय भावानं गेलं? आणि शेवटी, “धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत आहे ना? तो किती पाठवतो?” आबांना वाटलं, सहज विचारतात. पण खरी भीती तिथंच होती. पोटापाण्याचा मुख्य आधार शेती असेल तोच या कायद्यात ‘शेतकरी’. गिरणीचा पगार शेतीपेक्षा जड ठरला असता तर सगळं संरक्षण गेलं असतं. समोरच्या वकिलानं तेच धरलं. मनीऑर्डरीच्या पावत्यांवर अर्धा दिवस गेला. चुलतआजोबा घरी फार पाठवत नसत, यावर आजी जन्मभर रागावलेली. त्या दिवशी तेच कामाला आलं.

कोर्टानं व्यवहार गहाणाचा ठरवला. व्याज सालाला शेकडा नऊ धरलं. नऊ वर्षांचे ३२४, दिलेले ३८४, म्हणजे ६० मुद्दलात वळते. राहिले ३४०, चार हप्त्यांत फेडायचे, दर साल ८५. निकालाची नक्कल अजून आमच्या ट्रंकेत आहे, घड्यांवर फाटलेली.

जमीन राहिली, पण ती चार वर्षं सोपी नव्हती. दुसऱ्या हप्त्याला बैल विकला आणि आबांनी सावड करून रान पेरलं. सावकाराला आबांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. १९२६ला बियाण्याला पैसा देणारा गावात तोच एक होता, हे ते विसरले नव्हते.

पुढे तेच वकीलसाहेब त्याच सावकाराच्या बाजूनं उभे राहिले, आमच्याच भावकीतल्या घराविरुद्ध. आबांना त्याचं नवल वाटलं नाही. त्या घरच्यांना घेऊन ते दुसऱ्या वकिलाकडे गेले. निघताना एवढंच म्हणाले, “खंडाच्या पावत्या घ्या. आन् साऱ्याच्या बी.”